दिव्याखालचा अंधार

'दिव्याखाली अंधार' ही म्हण वर्गात आली की हल्ली थोडे थांबावे लागते. दोन वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीने सरळ विचारले, "मॅडम, दिव्याखालीच तर सगळ्यांत जास्त उजेड असतो ना?" तिचे काहीच चुकले नव्हते. तिने पाहिलेला प्रत्येक दिवा छताला असतो आणि त्याचे तोंड खाली असते. पणतीला, समईला, कंदिलाला बूड असते. ज्योत वर आणि तेल खाली, म्हणून तेलाच्या भांड्याची सावली नेमकी दिव्याच्या पायाशी पडते. विजेच्या दिव्याला तेल लागत नाही, त्यामुळे तो उलटा टांगता आला, आणि ही म्हण व्यवहारातून निवृत्त होऊन केवळ भाषेत राहू लागली. मराठीत अशी निवृत्त मंडळी पुष्कळ आहेत. टेंभा आज कोणी पाहिलेला नाही, पण तो मिरवणारे रोज भेटतात. विजेच्या युगानेही भाषेला एक चांगला शब्द दिला होता: ज्याला विनोद उशिरा कळतो तो 'ट्यूबलाइट'. चोक गुरगुरणार, स्टार्टर दोन-चारदा डोळे मिचकावणार, मग कुठे नळी लख्ख पेटणार, हे सारे त्या एका शब्दात होते. आता बटण दाबताक्षणी दिवा लागतो. टेंभा अजून काही काळ मिरवला जाईल. ट्यूबलाइट मात्र, मला वाटते, आमच्या पिढीबरोबरच विझेल.

हा विचार डोक्यात घोळत राहण्याचे कारण अगदी घरगुती आहे. गेल्या पावसाळ्यानंतर मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराची डागडुजी काढली. भिंती आणि फरशी यांचा निकाल पटकन लागला. अडले ते दिव्यांपाशी. पूर्वी खोलीला एक दिवा असे आणि तो कुठे असावा हे खोलीच ठरवी. आता दिव्याचे दुकान म्हणजे कापडदुकानासारखा मामला झाला आहे. पॅनेल, पट्टी, प्रोफाइल, छतात खोचायचे गोल डोळे, फोनवरून रंग बदलणारे दिवे, जुन्या काचेच्या बल्बची आणि त्यातल्या तारेची हुबेहूब नक्कल करणारे दिवे, वाऱ्यावर हलल्यासारखी थरथरणारी बॅटरीची पणती. वायरमनचा आग्रह फॉल्स सीलिंगचा. "ताई, पट्टी आत लपवूया. दिवा दिसायचाच नाही, नुसता उजेड दिसंल."

त्याच्या या एका वाक्यात गेल्या वीस वर्षांची सारी प्रकाशकला आली आहे. दिवा दिसू नये, उजेड दिसावा. ज्योतीपासून बल्बपर्यंत उजेडाला एक उगम होता आणि एक हद्दही होती. 'कवडसा', 'तिरीप', 'झोत' हे शब्द उजेडाला कड असल्याशिवाय जन्मालाच येत नाहीत. छताच्या चारी कडांमागून सारखा पाझरणारा प्रकाश कोठून येतो हे सांगता येत नाही आणि तो कोठे संपतो हेही सांगता येत नाही. अशा खोलीत माणसाची सावली पडत नाही. पडलीच तर चार-पाच फिकट सावल्या पायांभोवती घुटमळतात.

दुकानदाराने विचारले, "वॉर्म का कूल?" आणि पाठोपाठ आकडे: २७००, ४०००, ६५००. हे केल्विनमधले रंगतापमान. यातला विनोद मला फार आवडला. जो दिवा 'उबदार' म्हणून विकला जातो त्याचा आकडा लहान, आणि जो 'थंड' म्हणून विकला जातो त्याचा आकडा मोठा. तापवलेला पदार्थ आधी तांबडा, मग पिवळा, पांढरा आणि शेवटी निळसर होतो, हे भौतिकशास्त्राचे म्हणणे. तांबडे ते ऊबदार आणि निळे ते गार, हे आपल्या कातडीचे म्हणणे. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. मात्र आपल्याकडे 'मिणमिणता', 'मंद', 'फटफटीत', 'लख्ख', 'भगभगीत' अशी जी विशेषणे आहेत, त्यांत रंग, तेज, तेल संपत आल्याची खबर आणि पाहणाऱ्याची मनःस्थिती एकत्र नांदतात. केल्विनचा आकडा त्यांतली एकच गोष्ट सांगतो. अर्थात, ती मात्र अचूक सांगतो.

हा नवा दिवा मुळात निळा आहे, हे मला वाचनातून कळले. तांबडा प्रकाश देणारा डायोड निक होलोन्याक यांनी १९६२ साली केला. निळ्यासाठी पुढे तीस वर्षे लागली. शुजी नाकामुरा यांचा तेजस्वी निळा डायोड १९९३ साली आला आणि अकासाकी, अमानो, नाकामुरा या तिघांना २०१४ चे नोबेल मिळाले ते या निळ्यासाठी. पांढरा एलईडी म्हणजे बहुधा हाच निळा, वर पिवळ्या प्रकाशाचा लेप चढवलेला. लेपातून निसटलेला निळा आणि लेपाने उजळवलेला पिवळा मिळून डोळ्याला पांढरा भासतो. या मिश्रणात गडद तांबडा फार थोडा असतो. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे मोजण्यासाठी सीआरआय नावाचा निर्देशांक आहे. तो आठ फिक्या रंगांच्या सरासरीवरून काढतात. गडद तांबडा हा नमुना क्रमांक नऊ, म्हणजे सरासरीच्या बाहेर. खोक्यावर '८०' छापलेला स्वस्त दिवा तांबड्या रंगाच्या परीक्षेत सपशेल नापास होऊ शकतो, आणि ते खोक्यावर लिहिलेले नसते.

दुसऱ्या एखाद्या गावाला याचे फारसे सोयरसुतक नसेल. पण कोल्हापूरने तांबड्या रंगावर किती भिस्त ठेवली आहे याचा विचार करा. पांढऱ्याफटक पॅनेलखाली वाढलेला तांबडा रस्सा मी पाहिला आहे. तो तपकिरी दिसतो आणि खाणारा उगाच मिरचीवर संशय घेतो. कुंकवाचे, पैठणीच्या काठाचे, माणसाच्या चेहऱ्याचेही तेच. चेहऱ्याची रया असते त्वचेखालच्या तांबड्यात. तेवढी एक रेघ काढून घेतली की धडधाकट माणूसही आजारातून उठल्यासारखा दिसतो.

येथवर लिहिले तेव्हा माझा कल कुणीकडे आहे हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. विद्यार्थिदशेत मी जुनिचिरो तानिझाकी या जपानी लेखकाचा १९३३ सालचा सावल्यांच्या स्तुतीचा निबंध इंग्रजीतून वाचला होता आणि त्याने मी पुरती भारावले होते. लाखेच्या भांड्यांवरची मेणबत्तीची झाक, कागदी दारांतून गाळून येणारा उजेड. आपल्याकडच्या माजघरांविषयी असे कोणी लिहिले पाहिजे, असे तेव्हा वाटे. घराच्या डागडुजीत मी तेच करू पाहत होते: कमी दिवे, पिवळे दिवे, कोपऱ्यांत थोडा अंधार.

आईने ते चालू दिले नाही. तिचे वय आता ऐंशीच्या घरात आहे. माहेर भुदरगड तालुक्यातले, लहानपण रॉकेलच्या चिमणीत गेलेले. माझा बेत ऐकून ती म्हणाली, "तुला अंधाराचं कौतुक, कारण तू अंधारात भाकरी थापली न्हाईस. पिठात किडा हाय का खडा, ते हाताला कळायचं, डोळ्याला न्हाई." मग तिने चिमणीच्या काजळीने काळ्या होणाऱ्या नाकपुड्यांचे वर्णन केले, ते येथे देत नाही. तानिझाकींच्या निबंधाला याहून नेमके उत्तर मी कोठे वाचलेले नाही. अंधाराची स्तुती करणारे आपण बहुधा चुलीपासून दूर बसलेलो असतो.

आईची बाजू आकड्यांनीही भक्कम आहे. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो: बाहुली आकसलेली असते आणि भिंग पिवळे पडलेले असते. ज्या खोलीत मला 'प्रसन्न संधिप्रकाश' वाटतो त्या खोलीत आई चाचपडत असते. घराबाहेरचे चित्र पाहिले तरी हेच. १५ वॉटचा 'झिरोचा बल्ब' रात्रभर जपून जाळणारी घरे आपण पाहिली आहेत, २००५ नंतरच्या काही वर्षांतले भारनियमनही भोगले आहे. 'उजाला' योजना जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली आणि तिच्यातून ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब देशात वाटले गेले. साठ वॉटच्या जुन्या बल्बचे काम नऊ वॉटमध्ये होऊ लागले. ज्या घरात वीजबिलाच्या धास्तीने दिवा उशिरा लागे तेथे तो वेळेवर लागू लागला. वाचणाऱ्या मुलांच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही, आणि हिच्यावर नाक मुरडून सौंदर्यशास्त्र सांगणे मला आता जमणार नाही.

तरीही खटकत होते, आणि काय खटकते ते शोधताना मी आमच्याच गावाच्या इतिहासात शिरले.

बाबूराव पेंटर हे नाव येथे नव्याने सांगायला नको. आधी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवणारे, मग आनंदरावांनी सुरू केलेला कॅमेरा पुरा करणारे, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढणारे. १९२० ला 'सैरंध्री' आला, १९२३ ला 'सिंहगड'. भारतीय चित्रपटात कृत्रिम प्रकाशाचा पहिला वापर म्हणून इतिहासकार या 'सिंहगड'चे नाव घेतात. तोवर चित्रीकरण सूर्याच्या भरवशावर चाले. वर कापड ताणून, बाजूला परावर्तक धरून ऊन वळवायचे, ऊन गेले की काम बंद. रात्र दाखवायची तर दिवसा चित्रण करून फिल्म निळ्या रंगात बुडवीत. 'सिंहगड' हरिभाऊ आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला'वर आधारलेला, आणि ती गोष्ट माघ वद्य नवमीच्या रात्रीची. म्हणजे आपल्या सिनेमात वीज शिरली ती एका अंधाऱ्या रात्रीच्या गोष्टीत. बाबूरावांच्या मूकपटांचे फारच थोडे अवशेष उरले आहेत, त्यामुळे पडद्यावर काय दिसले असेल याची कल्पनाच करायची. पण ज्याने आयुष्यभर सपाट कापडावर खांबाला गोलाई आणि कमानीला खोली दिली, त्याला सावलीचे मोल नव्याने शिकवावे लागले नसणार. ऊन सगळीकडे पडते. दिवा हवा तेथे ठेवता येतो, आणि ठेवता येतो म्हणून नको तेथून काढताही येतो. कृत्रिम प्रकाशाने चित्रकाराच्या हाती दिले ते हे. आजच्या आमच्या छतांनी दिव्याला पुन्हा दुपारच्या उन्हासारखे सर्वत्र पसरवून टाकले आहे.

रंगभूमीवर हा प्रश्न फार बारकाईने दिसतो. केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेले पूर्वीचे पॅलेस थिएटर, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. त्या रंगमंचासमोर बसून ज्यांनी नाटके पाहिली त्यांना एक गोष्ट आठवेल: प्रवेशाच्या शेवटी दिवे मंदावत तेव्हा उजेड नुसता कमी होत नसे, तो आधी पिवळा, मग केशरी, मग निखाऱ्यासारखा तांबूस होत जाई. तारेच्या दिव्याचा दाब कमी केला की तार थंड होते आणि रंग असा उतरतो. 'प्रकाश मंद होत जातो' अशी रंगसूचना मराठी नाटककार वर्षानुवर्षे लिहीत आले. तिच्यात हा उतरता रंग गृहीत होता, कारण दुसरा काही अनुभवच नव्हता. साधा एलईडी मंद केला तर तो तोच पांढरा रंग घेऊन फिका होतो आणि अगदी शेवटी एक गचका देऊन विझतो. आता मंद होताना आपोआप तांबूस होणारे एलईडी आले आहेत. आत वेगळ्या रंगांचे कण बसवून जुन्या तारेच्या थंड होण्याची नक्कल केलेली असते. नक्कल म्हणून मी तिला हिणवणार नाही. कुणा अभियंत्याला त्या शेवटच्या निखाऱ्याची किंमत कळली म्हणूनच ती झाली. नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीत खुर्च्यांची आणि छताची चर्चा खूप झाली. रंगमंचावर दिवे कोणते, याची चर्चा माझ्या तरी कानांवर फारशी आली नाही. नाटक शिकवणाऱ्यांनी ती करायला हवी.

आणि मग अंबाबाईचा किरणोत्सव. बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडे विस्ताराने सांगते. मंदिर पश्चिमाभिमुख आहे. नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखांना आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात, एकामागून एक उंबरे ओलांडत गाभाऱ्यात पोहोचतात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी त्याहून वर, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. या तारखांत गूढ काही नाही. १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत ४१ दिवस, आणि २१ डिसेंबरपासून ३१ जानेवारीपर्यंतही ४१. दक्षिणेकडे जाताना सूर्य ज्या जागी मावळतो, परतीच्या वाटेवर तो पुन्हा त्याच जागी येतो. पश्चिमेच्या साधारण अठरा अंश दक्षिणेला. गूढ नसले तरी शहाणपण आहे. ज्याने कोणी हे जुळवले त्याने प्रकाश निर्माण केला नाही, त्याने फक्त वाट मोकळी ठेवली आणि वाट पाहिली. उरलेले वर्ष गाभारा अंधारा राहील, हे त्याने मान्य केले होते.

ती वेळ मी अनेकदा अनुभवली आहे. आतले विजेचे दिवे तेवढ्यापुरते मालवलेले असतात. एवढी गर्दी, पण आवाज बसत जातो. उजेड येतो तो सोनेरी नसून जवळजवळ तांबडा असतो, आणि काही मिनिटांत जातो. काही वर्षी तो पोहोचतच नाही. कधी ढग असतात, कधी हवेत धूळ, आणि महाद्वार रोडच्या बाजूला उंचावत गेलेल्या बांधकामांचा अडथळा हा तर जुना वाद आहे; पाहण्या झाल्या, मापे घेतली गेली, काही अडथळे काढलेही गेले. हल्ली अभ्यासक लक्समीटर घेऊन किरणांची तीव्रता मोजतात. सामान्य माणूस 'यंदा किरणं पोहोचली का?' एवढेच विचारतो. नगररचनेच्या नियमांत एरवी कोणालाही रस नसलेल्या या गावात, पश्चिमेच्या एका इमारतीची उंची किती असावी यावर चहाच्या टपरीवर वाद होतो, तो या काही मिनिटांच्या उजेडासाठी.

त्याच गावात गणपतीच्या मिरवणुकांत लेझरचे झोत आले. तेही किरणच. डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आल्या आणि २०२४ साली प्रशासनाला त्यांवर बंदी घालावी लागली. मला त्यात तंत्रज्ञानाचा दोष दिसत नाही. किरण कुठे थांबवायचा याचा निर्णय पूर्वी तेलाची किंमत, वातीची उंची, सूर्याची जागा करीत असे. आता तो माणसाला करावा लागतो आणि त्याची सवय आपल्याला नाही. उजेड महाग होता तोवर प्रत्येक कुटुंब कंजूषपणाने का होईना प्रकाशयोजनाकार होते. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत देशातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे बदलून त्यांची तोंडे खाली वळवावी लागली. अंधार राखण्यासाठी प्रकल्प करावा लागतो, अशा काळात आपण आहोत. असो.

घराचे काय झाले ते सांगून थांबते. आईच्या खुर्चीशेजारी वाचायचा दिवा आला, भरपूर तेजाचा, गडद तांबडा नीट दाखवणारा. किंमत ऐकून तिने पदर तोंडाला लावला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तिच्या मागणीप्रमाणे लख्ख पांढरा उजेड. बैठकीच्या खोलीला फॉल्स सीलिंग केले नाही, त्यामुळे वायरमन अजून माझ्यावर थोडा नाराज आहे. देवघरात वीज घेतली नाही, तो आग्रह तिचाच. झोपायच्या खोलीपासून न्हाणीपर्यंतच्या बोळात गुडघ्याच्या खाली अंबर रंगाचे बारीक दिवे बसवले, माणसाची चाहूल लागली की पेटणारे. निळा उजेड रात्री डोळ्यांवाटे मेंदूला दिवस उजाडल्याची चुकीची वर्दी देतो, हे २००२ नंतरच्या संशोधनाने पुढे आणले; म्हणून हा रंग. या खरेदीचा मला मनातून अभिमान होता.

आठ दिवस आईने काही म्हटले नाही. नवव्या दिवशी सकाळी चहा घेताना ती म्हणाली, "तुझा तो दिवा लागतोय चांगला. पण मी पुढं गेल्यावर मागनं लागतोय. उजेड पुढनं पाहिजे बाई, मागनं येऊन काय उपेग?" रात्री मी बोळात तिच्या चालीने, भिंतीला हात लावून, चालून पाहिले. ती म्हणते ते खरे आहे; तिची पावले हळू आणि आखूड, यंत्राला चाहूल लागते ती माझ्यासारख्याच्या चालीची. वायरमनला फोन केला आहे. सेन्सर दोन फूट अलीकडे आणि थोडा खाली घ्यायचा आहे. गुरुवारी येतो म्हणाला.